आठवणीतला तपशील (प्रेमकथेतील)

गेलेल्या प्रेमाविषयी सांगणारा निवेदक ‘ओढ’, ‘विरह’ हे शब्द टाळतो आणि एखादी क्षुल्लक वस्तू किंवा हालचाल मात्र अचूक सांगतो. इतक्या वर्षांनी त्याला तेवढेच का आठवावे, हा प्रश्न वाचकाला पडतो. ओढ कळते ती तिथे.

इव्हान तुर्गेनेव्ह यांची ‘पहिले प्रेम’ (१८६०) ही दीर्घकथा याचा उत्तम नमुना. चाळिशीचा व्लादिमीर पेत्रोविच मित्रांना आपली हकिकत तोंडी सांगायला नकार देतो, पंधरा दिवसांची मुदत मागतो आणि वहीत लिहून आणतो. १८३३ च्या उन्हाळ्यात तो सोळा वर्षांचा होता. कावळे मारायची बंदूक घेऊन बागेत हिंडताना कुंपणापलीकडे त्याला झिनाइदा दिसते. भोवतीच्या तरुणांच्या कपाळांवर ती पिशवीसारखी छोटी राखाडी फुले आपटून फोडत असते. पुढे एकदा ती लोकरीची लडी त्याच्या दोन्ही हातांत अडकवते आणि गुंडाळत बसते. शेवटी त्याच्या नकळत त्याचे वडीलच तिचे प्रियकर निघतात. उघड्या खिडकीशी उभे राहून ते तिच्या उघड्या हातावर चाबूक मारतात. ती काही न बोलता हात ओठांकडे नेते आणि उठलेल्या लाल वळाचे चुंबन घेते.

त्या मुलाला हे पाहताना पुरते कळलेले नव्हते. प्रौढ निवेदकही ते नंतरच्या शहाणपणाने उलगडून सांगत नाही. या संयमातच कथेची ताकद आहे. चार वर्षांनी ती जवळच उतरल्याचे कळूनही तो भेट लांबवतो. जातो तेव्हा तिचा मृत्यू होऊन चार दिवस झालेले असतात.

तपशील त्या एका माणसाचाच हवा. मासिकांतल्या प्रेमकथांमधला पाऊस आणि मोगऱ्याचा गजरा कुणाच्याही प्रेमात बसतो, म्हणून तो कुणाचाच नसतो.

मराठीत विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) चक्रधर हा निवेदक युरोपातून परतताना बोटीवर भेटलेल्या हॅर्टा या ज्यू निर्वासित तरुणीविषयी सांगतो. सहवास जेमतेम मुंबई येईपर्यंतचा, त्यामुळे आठवायला शिल्लक थोडे आणि त्यातला प्रत्येक तपशील जड.

ओऱ्हान पामुक यांच्या ‘निरागसतेचे संग्रहालय’मध्ये (२००८) हाच तपशील साठ्याचे रूप घेतो. केमाल त्याच्या गमावलेल्या प्रेयसीच्या, फ्युसुनच्या, घरी वर्षानुवर्षे जेवायला जातो आणि तिथल्या वस्तू गुपचूप उचलून आणतो. तिने ओढलेल्या सिगारेटींची ४,२१३ थोटके तो जपून ठेवतो. तुर्गेनेव्ह यांच्या एका वळापुढे हा साठा थोडा अतिरेकी वाटतो. पण केमालचे वेड दाखवायला मोजदादीइतके काही उपयोगी पडले नसते.

पामुक यांनी याच नावाचे खरे संग्रहालय २०१२ मध्ये इस्तंबूलच्या चुकुरजुमा भागात उघडले. कादंबरीच्या प्रतीत छापलेल्या तिकिटावर शिक्का मारून वाचकाला तिथे फुकट आत सोडतात.