चंबळेचे घडियाल आणि एक नोंदवही



"रेल्वेवर काहीतरी लिहा," असे स्मरणिकेच्या संपादकांनी सांगितले, तेव्हा मी होकार दिला आणि घरी येऊन विचार बदलला. रेल्वेवर आपले काही सहकारी माझ्यापेक्षा चांगले लिहितात. मी डिप्लोमा झालेला, पुलांची देखभाल करणारा इंजिनिअर. वीस वर्षे ज्या नदीच्या काठी नोकरी केली, तिच्यातल्या एका प्राण्याचा आणि त्याला वाचवणाऱ्या सरकारी माणसांचा इतिहास लिहावा असे वाटले. इतिहास म्हटला की आपण ग्वाल्हेरकर मंडळी थेट महादजींपाशी जातो. हा इतिहास त्यामानाने अगदी अलीकडचा आहे, पण तोही आपल्याच दारातला आहे.

धौलपूर सोडून गाडी हेतमपूरकडे निघाली की चंबळेचा पूल लागतो. दोन्ही बाजूंना मातीच्या घळी आणि मधून निळसर, स्वच्छ पाणी. १७३८ साली निजामाने पेशव्यांना नर्मदा ते चंबळ हा मुलूख द्यायचे कबूल केले, तेव्हापासून ही नदी मराठी माणसाच्या तोंडी आहे. पुढे दरोडेखोरांमुळे तिचे नाव बदनाम झाले. पण त्या घळींमुळे काठावर मोठी शहरे आणि कारखाने आले नाहीत, आणि नदी त्यामानाने स्वच्छ राहिली. घडियाल टिकला तो त्यामुळेच.

आपण मगर-सुसर एका दमात म्हणून टाकतो. घडियाल हा मगरीहून वेगळा. तोंड लांब आणि निमुळते, खाणे मासे. माणसाच्या वाटेला तो जात नाही. पूर्ण वाढलेल्या नराच्या नाकाच्या टोकावर मडक्यासारखा गोळा येतो. हा घडा, म्हणून घडियाल. त्याला वाहते पाणी, खोल डोह आणि अंडी घालायला उंच वाळूचा काठ लागतो. नेमक्या याच तीन गोष्टी धरणे, कालवे आणि वाळूउपसा यांनी कमी होत गेल्या. कातडीसाठी शिकार झाली, मासेमारीच्या जाळ्यांत जनावरे गुदमरली.

१९७४ साली डॉ. रॉबर्ट बस्टर्ड हे तज्ज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतर्फे भारतात आले. त्यांच्या अहवालाचा मूळ विषय मगरींची शेती करता येईल का, हा होता. पण चित्र असे दिसले की शेती दूरच, आधी प्राणी वाचवायला हवा. त्या सुमारास देशात घडियाल दोनशेहूनही कमी उरले असावेत असा अंदाज होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली होतीच, पण कायद्याच्या कागदाने अंडी उबत नाहीत. १९७५ साली केंद्र सरकारने मगर संवर्धन प्रकल्प सुरू केला. घडियालांसाठी पहिले केंद्र ओरिसात महानदीच्या काठी टिकरपाडा येथे निघाले. आपल्या नद्यांतून पुरेशी अंडी मिळेनात, म्हणून नेपाळच्या नारायणी नदीतूनही अंडी आणावी लागली.

इथून सरकारी जीवशास्त्रज्ञांचे काम सुरू होते. एल. ए. के. सिंग हे त्यांतले एक. त्यांनी टिकरपाड्याला घडियालाचा अभ्यास केला आणि पुढे चंबळेवर येऊन इथल्या संख्येचा कल नोंदवला, काही जनावरांना रेडिओ लावून त्यांचा माग काढला. १९७८-७९ च्या सुमारास मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश अशा तीन राज्यांत मिळून राष्ट्रीय चंबळ अभयारण्य झाले. लखनौजवळ कुकरैलला आणि मुरैन्याजवळ देवरीला पिले वाढवण्याची केंद्रे झाली. देवरीचे केंद्र जुन्या आग्रा-मुंबई रस्त्यालाच लागून आहे. मुलांना घेऊन एकदा जरूर जावे.

कामाची पद्धत अशी. मार्च-एप्रिलमध्ये मादी वाळूत खड्डा करून अंडी घालते. रात्री काठावर माग दिसला की सकाळी घरटे शोधायचे, अंडी न उलटवता, वरची बाजू वरच ठेवून, त्याच वाळूत भरून केंद्रात आणायची. ठराविक उष्णतेत ती उबवायची, कारण पिलू नर होणार की मादी हे घरट्यातल्या तापमानावर ठरते. जूनमध्ये पिले बाहेर येतात. ती साधारण तीन वर्षांची, सव्वा मीटरभर लांब झाली, की शेपटीवरचे खवले ठराविक क्रमाने कापून खूण करायची आणि हिवाळ्यात नदीत सोडायची. मोठी करून सोडायची, कारण नदीत जन्मलेली पिले पहिल्याच पुरात बहुतेक वाहून जातात.

देशभरातल्या नद्यांत पुढच्या तीन दशकांत अशी सुमारे पाच हजार पिले सोडली गेली. चंबळेत संख्या वाढत गेली. १९९७-९८ मध्ये इथे बाराशेहून अधिक घडियाल आणि पंच्याहत्तरहून अधिक घरटी मोजली गेली. सगळ्यांना वाटले, काम झाले. त्याआधी १९९१ सालीच केंद्राने अंडी गोळा करणे आणि पिले वाढवणे यासाठीचा निधी थांबवला होता. १९९९ ते २००३ या काळात तर नदीवर गणनाच झाली नाही.

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी पावसाळ्यानंतर पुलांची तपासणी करताना, एका लहान पुलाच्या पायाशी मी उतरलोच नाही. चिखल होता, संध्याकाळ झाली होती. नोंदवहीत पायाजवळच्या धुपीच्या रकान्यात लिहिले, "मागील नोंदीप्रमाणे." आमच्या साहेबांनी वही पाहिली, काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन तिथे गेले. बांबू हातात दिला आणि पायाशी टेकवायला सांगितले. बांबू कमरेइतका खाली गेला. मागच्या वर्षी तिथे घट्ट जमीन होती. वरून गाड्या नेहमीच्या वेगाने जात होत्या. साहेबांनी मेमो दिला नाही. एवढेच म्हणाले, "पूल काल पडला नाही, म्हणून तुझी नोंद खरी ठरत नाही."

चंबळेवर नेमके हेच झाले होते. चार-पाच वर्षे सगळ्यांनी मनातल्या मनात "मागील नोंदीप्रमाणे" लिहिले. पुन्हा नदीत बोटी उतरल्या तेव्हा आकडे खाली आलेले होते. या नदीवर वर्षानुवर्षे घडियाल मोजणारे आर. के. शर्मा आणि ध्रुवज्योती बसू यांनी २००४ साली ही घसरण लेखातून मांडली. १९९७ मध्ये सर्व नद्यांत मिळून प्रौढ घडियाल सुमारे ४३६ होते, ते २००६ पर्यंत १८२ वर आले. सोडलेली पिले हजारोंनी मोजली होती, पण त्यांतली अंडी घालण्याच्या वयापर्यंत किती पोहोचली हे पाहणे मागे पडले होते. २००७ मध्ये घडियालाची नोंद जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली.

आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात खाली इटाव्याच्या बाजूला मेलेले घडियाल सापडू लागले. मार्च २००८ पर्यंत शंभराहून अधिक मेले, आणि त्यांत मोठी जनावरे बरीच होती. तेव्हा मी या सेक्शनवर नवीन होतो. शवविच्छेदनात मूत्रपिंडे निकामी झालेली आणि शरीरात युरिक आम्ल साचलेले आढळले. यमुनेतले विषारी द्रव्य माशांवाटे पोटात गेले असावे असा संशय घेतला गेला, पण नेमके विष कोणते ते शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. देशोदेशीचे पशुवैद्य येऊन गेले. त्यानंतर घडियालांना रेडिओ लावून त्यांचा वर्षभराचा प्रवास पाहण्याचे काम नव्याने सुरू झाले आणि हिवाळी गणना पुन्हा मनावर घेतली गेली.

त्यानंतरच्या एका जानेवारीत पुलाखाली काम चालू असताना वनखात्याची बोट आली. थंडीत घडियाल ऊन खायला वाळूवर येतात, म्हणून गणना याच दिवसांत होते. बोटीतल्या संशोधकांनी वर पाहून विचारले, "हा खांब कितवा?" त्यांना नोंदीसाठी जागेची खूण हवी होती. मी नंबर सांगितला. चहा पिताना त्यांची वही पाहिली: वेळ, जागा, काठ डावा की उजवा, जनावराची लांबी अंदाजे किती. काही रकान्यांत शून्य होते. मी विचारले, "काहीच दिसले नाही तरी लिहिता?" ते म्हणाले, "शून्य लिहायलाही तिथे जावे लागते, साहेब." त्यांनाही आपल्यासारखाच टी.ए. वेळेवर मिळत नव्हता आणि बदलीची टांगती तलवार होती. चहा संपवून ते पुढच्या वळणाकडे निघून गेले.

आज परिस्थिती बरी आहे. २०२० नंतरच्या गणनांत चंबळेत दोन हजारांच्या आसपास घडियाल दिसत आले आहेत. जगातले बहुसंख्य घडियाल याच एका नदीत आहेत. महानदीत मात्र शेकडो पिले सोडूनही नैसर्गिक वीण व्हायला २०२१ साल उजाडले. म्हणजे पिले सोडणे पुरेसे नाही, नदीही तशी लागते. आणि चंबळेत वाळूचा चोरटा उपसा आणि पाण्याचा उपसा थांबलेला नाही. ज्या वाळूत घरटे असते तीच वाळू ट्रॅक्टरने जाते.

घर बांधताना "वाळू कुठली?" एवढा प्रश्न आपण ठेकेदाराला विचारू शकतो. बिल मागू शकतो. मी माझ्या घराच्या वेळी विचारला, तेव्हा ठेकेदार हसला, पण पुढची गाडी बिलासह आली.

आपल्या रुळांवर कीमन रोज चालतो. बहुतेक दिवशी त्याला काहीच सापडत नाही, आणि म्हणूनच आपण रात्री गाडीत निर्धास्त झोपतो. थंडीत चंबळेवर वही घेऊन फिरणारी ही सरकारी माणसेही त्याच जातीची. पुढच्या वेळी धौलपूरचा पूल ओलांडताना आपण हात जोडाल, तेव्हा खाली वाळूकडेही एकदा पाहावे. ऊन असेल तर एखादा लांब ओंडका पडलेला दिसेल. तो ओंडका नसेल.

गणपती बाप्पा मोरया!