नखी

सतार वाजवताना तर्जनीवर चढवायच्या तारेच्या वेटोळ्याला मराठीत नखी म्हणतात आणि उर्दूत मिजराब. नखी हा शब्द घरगुती आहे. नखाचे काम करते ती नखी. मिजराबचे मूळ मात्र अरबीतल्या 'जरब'मध्ये आहे. जरब म्हणजे ठोका, आघात. मुघल नाण्यांवर टांकसाळीच्या गावाच्या नावाआधी हाच शब्द असतो. उर्दू शाळेत मुले गुणाकार शिकतात तोही जरबच. आणि एखाद्या मास्तरांची वर्गावर जरब असते असे आपण मराठीत म्हणतो, तेव्हाही हाच शब्द आपल्या तोंडी असतो. एवढ्या लहान वस्तूवर लेख कशाला, असे वाचकांना वाटेल. आम्हालाही आधी तसेच वाटले होते.

मुसलमानांच्या वैभवशाली इतिहासावर आपल्याकडे व्याख्यान झाले की त्यात कुर्तुबा येते, आणि कुर्तुबा आली की झिर्याब येतोच. झिर्याब म्हणजे काळा पक्षी. खरे नाव अबुल हसन अली इब्न नाफे. तो खलिफा अल-महदीचा मौला, म्हणजे दास्यातून मुक्त झालेला आश्रित होता असे सांगतात. (या मौलाच्या अनेकवचनाचे, मवालीचे, मराठीत काय झाले ते आपण जाणतोच.) बगदादला इसहाक अल-मौसिली या थोर गवयाकडे तो शिकला, पश्चिमेकडे निघाला आणि 822 साली स्पेनमध्ये अमीर दुसऱ्या अब्दुर्रहमानच्या आश्रयाला पोहोचला. त्याने उद या वाद्याला पाचवी तार जोडली आणि लाकडी मिजराब टाकून गरुडाच्या पिसाची मिजराब आणली, अशी हकिकत आहे. पिसाची दांडी गुळगुळीत असते, बोटांना हलकी लागते आणि तारही लवकर झिजत नाही, हे त्यामागचे कारण.

ही हकिकत आम्हीही तरुणपणी भाषणांतून ठोकून दिली आहे. पुढे लक्षात आले की तिचा मुख्य आधार अल-मक्करी हा इतिहासकार आहे, आणि त्याने ग्रंथ लिहिला तो सतराव्या शतकात. झिर्याब वारला 857 साली. मधे पावणेआठशे वर्षे गेली. अल-मक्करीने जुन्या ग्रंथांतूनच उतारे घेतले हे खरे, पण त्यातले जे गौरवाचे तेवढे उचलले, अशी शंका आजचे अभ्यासक घेतात. त्याच हकिकतीत झिर्याबच्या उदाच्या काही तारा सिंहाच्या बछड्याच्या आतड्याच्या होत्या असेही आहे. पिसावर विश्वास ठेवायचा तर बछड्यावरही ठेवावा लागेल! पूर्वजांचा मोठेपणा आम्हाला नको आहे असे नाही. पण शोधाचे श्रेय एका दरबारी माणसाच्या नावावर चढवले, की ज्या अनाम हातांनी पहिले पीस सोलून तारेवर ओढून पाहिले असेल ते हात इतिहासातून पुसले जातात. आमचा आक्षेप आहे तो यालाच.

पिसाची गोष्ट मात्र खोटी नाही. उदाच्या मिजराबला अरबीत आजही रिशा म्हणतात, आणि रिशा म्हणजे पीस. आज ती बहुधा प्लास्टिकची असते, नाव मात्र पिसाचेच टिकले. खरी रिशा करायची तर मोठ्या पक्ष्याचे पीस घेऊन दोन्ही बाजूंचे केस सोलून काढायचे, आणि उरलेली लांब, लवचीक दांडी मुठीत धरून वाजवायचे. उद युरोपात जाऊन ल्यूट झाला. तिकडच्या हार्पसिकॉर्ड या पेटीवजा वाद्यातही प्रत्येक तारेखाली कावळ्याच्या जातीच्या पक्ष्याच्या पिसाचा तुकडा बसवत असत. तुर्कस्तानात सझ या वाद्यासाठी चेरीच्या झाडाची साल वापरत. इराणी तारवादक पितळेची पट्टी मेणाच्या गोळीत रोवून घेतात.

सगळ्यांत जास्त मोल मिळाले ते कासवाच्या कवचाला. समुद्रातल्या चंचूमुखी कासवाचे कवच तापवले की मऊ होते, हवे तसे वळते, आणि घासून त्याची कड हवी तशी करता येते. तुर्की तंबुराची मिजराब त्याचीच होत असे. युरोप-अमेरिकेतल्या गिटार आणि मेंडोलिन वाजवणाऱ्यांनाही तीच हवी असे. तिचा नाद ना लाकडाचा ना धातूचा, असे वादक सांगत. कासवाने त्याची किंमत मोजली. कंगवे, चष्म्याच्या काड्या, डब्या यांच्यासाठी तर त्याहून जास्त मोजली. 1977पासून या कासवाच्या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. त्याआधीच, 1922 साली, न्यूयॉर्कला लुइजी डी'आन्द्रिया या माणसाने सेल्युलॉइडच्या पत्र्यातून गिटारच्या नख्या पाडायला सुरुवात केली होती. सेल्युलॉइडवर कवचासारखे तपकिरी-पिवळे ढग उमटवता येतात. कारखान्यातली नखी आजही पुष्कळदा कासवाचे सोंग घेऊनच दुकानात येते.

आपल्याकडे सरोदवाल्यांनी या सगळ्यांपेक्षा स्वस्त उपाय काढला. सरोद हा अफगाणी रबाबाचा वारस. रबाबाला आतड्याच्या तारा होत्या. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात त्याला धातूच्या तारा आणि धातूची पट्टी आली, आवाज लखलखीत झाला. त्या तारांना सोसेल असा जवा हवा होता, आणि तो निघाला नारळाच्या करवंटीतून. कोकणातल्या माणसाला करवंटीचे काय कौतुक? तिची आपण पळी केली, डाव केला, उरली ती चुलीत घातली. पण जून नारळाची करवंटी जाड आणि कठीण असते. तिचा त्रिकोणी तुकडा काढायचा, दगडावर घासायचा, कड गुळगुळीत होईपर्यंत पॉलिश करायचा आणि पकडीला मेण किंवा दोरा लावायचा. हे काम कित्येक वादक आजही स्वतःच करतात. एकाच्या हाताला बसलेला जवा दुसऱ्याच्या हाताला बसेलच असे नाही.

महाराष्ट्रात वाद्यांच्या कारागिरीचे नाव निघाले की मिरजेला यावेच लागते. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांचे दिवस सरत आले, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे भाऊ मोहिद्दीन सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. ज्या हातांनी तलवारीचे पाते घासले त्यांनी घोडी घासायला घेतली. घोडीचा माथा किंचित कमी-जास्त घासून तारेचा आवाज खुलवायचा, याला जवारी काढणे म्हणतात. तिथे केसभर चूक झाली तर तार मुकी होते. घोडीला पूर्वी सांबरशिंग आणि हस्तिदंत वापरत. दोन्हींवर कायद्याने बंदी आली आणि उंटाचे हाड, आबनूस, शेवटी प्लास्टिकसारखे कृत्रिम तुकडेही आले. कारागिराला नव्या प्रत्येक जिनसाबरोबर हात पुन्हा शिकवावा लागला.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण शिकलगारांच्या या घराण्यांबद्दल आपल्या व्याख्यानांतून आम्ही क्वचितच काही ऐकले. कुर्तुबा लांब आहे, तिचा अभिमान फुकट मिळतो. मिरज जवळ आहे. तिथे गेले की लाकडाचा वाढलेला भाव ऐकावा लागतो, आणि वाद्य करणे शरीयतीत बसते की नाही हा घरोघरचा वादही.

त्याच मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ विसावले आहेत. 1937 साली ते गेले. उरुसाला तिथे गाणे होते, आणि गवयाच्या मागे त्याच गावातल्या गल्लीत घडलेले तंबोरे लागतात. तंबोऱ्याला नखी लागत नाही. तो नुसत्या बोटानेच छेडतात.