सर्व्हरची उभारणी : शेल स्क्रिप्ट आणि स्वतंत्र कॉन्फिगरेशन फाइल

कोऱ्या संगणकावर कार्यप्रणाली, डेटाबेस, वेब सर्व्हर, वापरकर्त्यांची खाती आणि बॅकअपची व्यवस्था बसवून तो कामास सज्ज करणे, यास सर्व्हरची उभारणी अथवा 'प्रोव्हिजनिंग' म्हणतात. हे काम हाताने करता येते; मात्र तंत्रज्ञ नोकरी सोडून गेला किंवा यंत्र निकामी झाले की, कोणत्या आज्ञा कोणत्या क्रमाने दिल्या होत्या हे सांगणारे कोणी उरत नाही. ही माहिती व्यक्तीकडे न राहता संस्थेकडे राहावी, यासाठी शेल स्क्रिप्टचा उपयोग होतो.

शेल स्क्रिप्ट म्हणजे काय?

वापरकर्त्याच्या आज्ञा कार्यप्रणालीपर्यंत पोहोचवणारा प्रोग्राम म्हणजे शेल. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर 'बोर्न शेल' आला, तर ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला 'बॅश' १९८९ साली प्रसिद्ध झाला. लिनक्सवर आज बॅशचाच वापर सर्वाधिक आढळतो. एरवी एकेक करून टंकित करावयाच्या आज्ञा साध्या मजकूर-फाइलीत क्रमाने लिहून ठेवल्या की शेल स्क्रिप्ट तयार होते.

दोन फाइली कशासाठी?

१९०७ साली स्थापन झालेल्या विवेकवर्धिनी संस्थेमुळे हैदराबादमधील जामबाग हा भाग तेथील मराठी भाषकांच्या परिचयाचा आहे. अशा भागातील एखाद्या शिक्षणसंस्थेच्या तीन शाखांत ग्रंथसूचीसाठी तीन सर्व्हर बसवावयाचे आहेत, असे समजू. तिन्ही ठिकाणची कृती एकच असते; बदलते ते शाखेचे नाव, नेटवर्कवरील पत्ता, पोर्ट क्रमांक आणि बॅकअपची वेळ. हे तपशील स्क्रिप्टमध्येच लिहिले, तर तीन स्क्रिप्ट तयार होतात. पुढे एकीत केलेली दुरुस्ती उरलेल्या दोहोंत करावयाची राहून जाते. म्हणून कृती एका स्क्रिप्टमध्ये आणि तपशील प्रत्येक शाखेच्या स्वतंत्र कॉन्फिगरेशन फाइलीत ठेवतात. स्क्रिप्ट सुरू होताच ती फाइल वाचते आणि त्यानुसार काम करते.

ग्रंथालयांसाठीची 'कोहा' ही मुक्त संगणकप्रणाली याचे प्रत्यक्ष उदाहरण होय. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी १९९९ साली ती तयार झाली आणि जानेवारी २०००पासून वापरात आली. डेबियन लिनक्सवर नव्या ग्रंथालयासाठी कोहा उभारताना 'कोहा-क्रिएट' ही शेल स्क्रिप्ट चालवतात. डोमेन, पोर्ट यांसारख्या बाबी ती 'कोहा-साइट्स' या वेगळ्या कॉन्फिगरेशन फाइलीतून घेते आणि वापरकर्ता खाते, डेटाबेस व वेब सर्व्हरची मांडणी स्वतः करते.

चुकीची किंमत

हाताने केलेल्या कामातील एक विसर किती महाग पडू शकतो, हे १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील 'नाइट कॅपिटल' या शेअर दलाली कंपनीत दिसले. नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर चढवावयाचा होता. एक सर्व्हर राहून गेला. त्यावरील जुना भाग जागा झाला आणि पाऊण तासात कंपनीला सुमारे ४४ कोटी डॉलरचा फटका बसला.

अर्थात, स्क्रिप्टही चुकते आणि तिची चूक वेगाने पसरते. जानेवारी २०१५मध्ये लिनक्सवरील 'स्टीम' या खेळांच्या सॉफ्टवेअरमधील असा दोष उघड झाला. फोल्डरचे नाव ज्या चलात असावयास हवे होते, तो चल विशिष्ट परिस्थितीत रिकामा राहिला. परिणामी 'या फोल्डरमधील सर्व काही पुसा' या आज्ञेचा अर्थ 'संगणकावरील सर्व काही पुसा' असा झाला आणि वापरकर्त्याच्या स्वतःच्या फाइलीही नष्ट झाल्या.

पाळावयाची पथ्ये

• कॉन्फिगरेशन फाइलीतील आवश्यक तपशील रिकामा असल्यास स्क्रिप्टने पुढे न जाता तेथेच थांबावे.

• एखादी आज्ञा अयशस्वी झाल्यास पुढची चालवू नये.

• स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली तरी परिणाम तोच राहावा. खाते आधीच असेल तर ते पुन्हा निर्माण करू नये. अस्तित्वात असलेला डेटाबेस पुसू नये.

• स्क्रिप्ट आणि साधे तपशील 'गिट'सारख्या आवृत्ती-नोंद प्रणालीत ठेवावेत. पासवर्ड मात्र तेथे ठेवू नयेत. ते वेगळ्या फाइलीत असावेत आणि ती फाइल केवळ अधिकृत खात्यालाच वाचता यावी.

• कॉन्फिगरेशन फाइलीत प्रत्येक तपशिलाशेजारी त्याचा अर्थ लिहावा.

शेकडो सर्व्हर सांभाळणाऱ्या संस्था २०१२ साली आलेल्या 'अ‍ॅन्सिबल'सारख्या साधनांकडे वळतात. तेथेही कृती आणि तपशील वेगळे ठेवण्याचे तत्त्व कायम आहे. चार-पाच सर्व्हर असलेल्या शाळेला, ग्रंथालयाला किंवा सहकारी संस्थेला मात्र शेल स्क्रिप्ट पुरेशी ठरते.

स्क्रिप्ट यंत्र पुन्हा उभे करते. त्यातील नोंदी परत आणत नाही. त्यासाठी बॅकअप स्वतंत्रपणे अन्यत्र ठेवावाच लागतो. म्हणूनच वर्षातून एकदा तरी दुसऱ्या, कोऱ्या संगणकावर स्क्रिप्ट चालवून, बॅकअप त्यावर उतरवून पाहावा. स्क्रिप्ट न लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला केवळ लिखित सूचनांच्या आधारे हे जमले, तर उभारणीची माहिती खऱ्या अर्थाने संस्थेच्या ताब्यात आहे, असे म्हणता येईल.