बॅटरीचा मृतसाठा

सांगलीत वाढलेल्या पोराला दोन शब्द कुणी शिकवावे लागत नाहीत: टीएमसी आणि क्युसेक. पावसाळा लागला की रोज सकाळी फोनवर मेसेज फिरतो. कोयनेत इतकं टीएमसी पाणी, विसर्ग इतके क्युसेक, आयर्विन पुलाजवळ पातळी इतके फूट. ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. टीएमसी म्हणजे धरणात किती साठलंय आणि क्युसेक म्हणजे ते किती वेगानं बाहेर पडतंय. साधारण साडेअकरा हजार क्युसेकनं दिवसभर पाणी सोडलं की एक टीएमसी संपतं.

बॅटरीचं निम्मं गणित एवढंच आहे. ॲम्पिअर-तास म्हणजे टीएमसी आणि ॲम्पिअर म्हणजे क्युसेक. हे मला कळायला इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि एक महापूर लागला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण वीज गेली ती चार दिवस आलीच नाही. बाबांना मधुमेह आहे आणि न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. गॅलरीत इन्व्हर्टर आणि त्याची १५० ॲम्पिअर-तासांची बॅटरी होती. त्यावर मी फ्रिज लावला. इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद पडला की थोडा वेळ थांबायचं आणि पुन्हा चालू करायचं. दुसऱ्या रात्री तो उठलाच नाही. आईनं इन्सुलिनच्या बाटल्या पिशवीत गुंडाळल्या, माठात ठेवल्या आणि माठाला ओलं फडकं बांधलं. वीज आल्यावर बॅटरी चार्ज झाली, पण पूर्वीसारखी पुन्हा कधीच चालली नाही.

चूक बॅटरीची नव्हती, माझी होती. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी म्हणतात, पण त्यातलं सुमारे ५ टीएमसी मृतसाठा असतं. ते पाणी धरणात दिसतं, पण धरता येत नाही. शिसं-आम्लाच्या बॅटरीतही मृतसाठा असतो आणि तो निम्म्याच्या आसपास असतो. फरक इतकाच की बॅटरीत तो उपसता येतो आणि त्याची किंमत नंतर मोजावी लागते. निम्म्याच्या खाली वारंवार गेलं, किंवा रिकामी बॅटरी तशीच ठेवली, की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि तेवढी क्षमता कायमची जाते. लेबलवर १५० छापलेलं असतं. मृतसाठा छापलेला नसतो.

आता बाबा निवृत्त झालेत. आम्ही एक जुनी व्हॅन घेतली आहे आणि आत झोपायची सोय, छोटा फ्रिज, पंखा बसवतोय. आधी कास आणि बामणोली, मग महाबळेश्वर आणि शेवटी आटपाडी-जतचा दुष्काळी पट्टा, असा बाबांचा बेत आहे. अट एकच: फ्रिज थांबता कामा नये. सांगलीत आणि साताऱ्यात चार दुकानं फिरलो आणि चार सल्ले मिळाले. शेवटी बॅटऱ्यांचा इतिहास वाचत बसलो, तेव्हा उत्तर सापडलं. प्रत्येक बॅटरी कुठल्या तरी एका कामासाठी घडवलेली असते. ते काम कळलं की निवड सोपी होते.

पुन्हा चार्ज होणारी पहिली बॅटरी १८५९ ची. फ्रान्समध्ये गॅस्टन प्लांते यांनी शिशाचे दोन पत्रे मध्ये पट्ट्या घालून गुंडाळले आणि गंधकाम्लात बुडवले. क्षमता यायला तिला पुन्हा पुन्हा चार्ज-डिस्चार्ज करत बसावं लागे. १८८१ मध्ये कामिय फोर यांनी पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला आणि बॅटरी कारखान्यात बनवण्याजोगी झाली.

एडिसनला मात्र शिसं पसंत नव्हतं. विजेवर चालणाऱ्या मोटारींसाठी त्यानं निकेल आणि लोखंडाची बॅटरी बनवली. पहिली खेप गळू लागली म्हणून ती थांबवावी लागली आणि सुधारून परत आणेपर्यंत १९१० उजाडलं. ही बॅटरी भलतीच टिकाऊ होती, पण क्युसेक कमी. झटक्यात जोर लावणं तिला जमत नसे. आणि नेमकं तेच काम पुढे आलं. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंगच्या सेल्फ-स्टार्टरसह कॅडिलॅक बाजारात आली. हँडल मारून गाडी चालू करायचे दिवस सरत गेले आणि शिशाच्या बॅटरीला जन्मभराची नोकरी मिळाली: काही सेकंद शेकडो ॲम्पिअर द्यायचे आणि मग अल्टरनेटरकडून भरून घ्यायचं. त्यासाठी तिच्यात पातळ प्लेटा भरपूर असतात. तिला रात्रभर पंख्याला जुंपलं तर ती काही महिन्यांत मान टाकते. व्हॅन करणारे पुष्कळ जण पहिली चूक इथेच करतात.

दुसरा प्रकार आपल्या ओळखीचा. ज्या जिल्ह्यात १९६० मेगावॉटच्या कोयना प्रकल्पाचं धरण आहे, त्या साताऱ्यात आणि खाली आमच्या सांगलीतही २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनाची होती. माझा शाळेतला अभ्यास वेळापत्रकावर नाही, लाईटच्या वेळेवर चालायचा. तेव्हा घराघरांत इन्व्हर्टर आले आणि त्यांच्याबरोबर ट्यूब्युलर बॅटऱ्या. यात शिशाचा लेप नळ्यांमध्ये बंद असतो, त्यामुळे तो झडत नाही आणि बॅटरी संथपणे, खोलवर वापरता येते. पण ती गॅलरीसाठी जन्मलेली आहे. तिच्यात पाणी घालावं लागतं, चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि ५० किलोंच्या पुढे भरते. बंद व्हॅनमध्ये तिच्या शेजारी झोपणं शहाणपणाचं नाही.

तिसरी लिथियम. १९७० च्या दशकात इंधनटंचाईच्या काळात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी सुरुवात केली, १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइड शोधलं, १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी ती वापरण्याजोगी सुरक्षित केली आणि १९९१ मध्ये सोनीनं ती बाजारात आणली. या तिघांना नोबेल जाहीर झालं २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, आमचा पूर ओसरून दोन महिने झाले तेव्हा. पण ही बॅटरी जन्मली हातात धरायच्या यंत्रांसाठी: कमी वजनात जास्त साठा. फार तापली तर तिच्यातून ऑक्सिजन सुटतो आणि आग आटोक्यात येत नाही.

व्हॅनची बॅटरी निघाली त्याच गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून. १९९७ मध्ये अक्षय पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी लिथियम आयर्न फॉस्फेटवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. यात ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो, सहज सुटत नाही. सुरुवातीला यातून वीज नीट वाहत नसे. कणांवर कार्बनचा थर दिल्यावर तो अडसर गेला. वजनाच्या हिशेबात हिचा साठा फोनच्या बॅटरीपेक्षा कमी, पण आयुष्य दोन-तीन हजार चार्जच्या पुढे आणि मृतसाठा जेमतेम १५-२० टक्के.

आता आमचा हिशेब. फ्रिज ४५ वॅटचा, पण कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो, म्हणून दिवसाला साधारण ४३० वॅट-तास. पंखा १६०, दिवे ४०, फोन-लॅपटॉप १५०. एकूण ८०० च्या घरात. पावसात सोलरचा भरवसा नाही, म्हणून दोन दिवसांचे १६००. ट्यूब्युलरच्या १५० च्या दोन बॅटऱ्या लागतील, म्हणजे शंभर किलोंच्या वर. आयर्न फॉस्फेटची १५० ची एकच पुरते, वजन वीस किलोंच्या आत. खरेदीला ती महाग, पण दर रात्रीचा खर्च काढला तर स्वस्त.

तिचे नखरेही आहेत. शिशाच्या बॅटरीचं व्होल्टेज हळूहळू उतरतं, हिचं शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं आणि मग संरक्षक सर्किट एकदम तोडतं. म्हणून व्होल्टमीटरवर विसंबायचं नाही, आत-बाहेर गेलेले ॲम्पिअर मोजणारा शंट बसवायचा. अल्टरनेटरला थेट जोडली तर ती इतकी ओढते की तो तापतो, म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर आणि बॅटरीला लागूनच फ्यूज. शून्याच्या खाली तिला चार्ज करायचं नाही. वेण्णा तलावाकाठी थंडीत दव गोठतं, पण बॅटरी व्हॅनच्या आत असेल तर भीती नाही. खरा शत्रू जतचा उन्हाळा. चाळिशी पार झालेल्या दिवशी बंद उभ्या गाडीत आणखी तापतं, म्हणून बॅटरी इंजिनापासून लांब, सावलीच्या बाजूला.

शिशाची एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. जुनी बॅटरी मोडीत देऊन नवीवर पैसे कमी करून घेण्याची पद्धत आपल्या गावागावांत रुजलेली आहे. लिथियमचं तसं अजून झालेलं नाही. २०२२ च्या नियमांनी संपलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. ती आमच्या गल्लीपर्यंत कधी पोचते, ते बघायचं.

परवा बॅटरी जोडली आणि शंटच्या पडद्यावर आकडा उमटला. बाबा चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “साठा कळला. यात मृतसाठा किती?”

मी तो आकडा एका चिठ्ठीवर लिहिला आणि पडद्याखाली चिकटवला.