दूरदृश्य संवाद : शंभर वर्षांचा प्रवास

माणूस परदेशी गेला की घरच्यांना दोन गोष्टींची ओढ लागते. एक त्याचा आवाज ऐकण्याची आणि दुसरी त्याचा चेहरा पाहण्याची. कोकणातील घरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील कितीतरी कुटुंबांतील कर्ते पुरुष आधी आगबोटींवर आणि नंतर आखाती देशांत रोजगारासाठी गेले. मागे राहिलेल्यांनी पत्रांची वाट पाहिली, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून त्यांचे बोलणे ऐकले, ट्रंक कॉलसाठी पोस्टात ताटकळत बसून काढले. आज तीच घरे मोबाईलच्या पडद्यावर समोरासमोर बोलतात. त्याच पडद्यावर मुले शिकवणीला बसतात, व्यापारी माल दाखवतात, नोकरीच्या मुलाखती होतात.

ही सोय कालपरवाची वाटते, पण तिच्यामागे जवळजवळ शंभर वर्षांचे प्रयोग, पुष्कळ अपयश आणि एका भारतीयाच्या बुद्धीचा मोठा वाटा आहे. हा इतिहास आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावा, म्हणून हा लेख.

कल्पना आणि पहिले प्रयोग

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट १८७६ साली मिळाले. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १८७८ च्या डिसेंबरात, लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकासाठी जॉर्ज द्यु मोरिए यांनी एक व्यंगचित्र काढले. त्यात लंडनमधील आईवडील घरात बसून भिंतीवरच्या पडद्यावर दूर सिलोनमधील आपल्या मुलीला पाहत आहेत आणि तिच्याशी बोलत आहेत. यंत्र अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी त्याची गरज कोणाला आहे हे चित्रकाराने ओळखले होते : परदेशी राहणाऱ्या लेकराच्या आईबापांना.

प्रत्यक्ष प्रयोग झाला तो ७ एप्रिल १९२७ रोजी. अमेरिकेचे त्या वेळचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूवर वॉशिंग्टनमध्ये बोलत होते आणि तीनशेहून अधिक किलोमीटर दूर न्यूयॉर्कमध्ये त्यांचा चेहरा दिसत होता. मात्र आवाज दोन्ही बाजूंनी जात होता आणि चित्र एकाच बाजूने. पुढे १९३० साली बेल प्रयोगशाळेच्या हर्बर्ट आइव्ज यांनी न्यूयॉर्क शहरातच दोन इमारतींच्या दरम्यान दोन्ही बाजूंनी चित्र दिसेल अशी व्यवस्था करून दाखवली.

सामान्य जनतेसाठी पहिली सेवा सुरू केली ती जर्मनीच्या टपाल खात्याने, १ मार्च १९३६ रोजी, बर्लिन आणि लाइपझिग या शहरांमध्ये. लोकांनी टपाल कचेरीतील खास खोलीत जायचे, साडेतीन मार्क भरायचे आणि दुसऱ्या शहरातील खोलीत बसलेल्या माणसाशी समोरासमोर बोलायचे, अशी पद्धत होती. पुढे महायुद्ध सुरू झाले आणि १९४० साली ही सेवा बंद पडली.

एका महागड्या अपयशाची कहाणी

युद्धानंतर अमेरिकेतील ए. टी. अँड टी. या बलाढ्य टेलिफोन कंपनीने हे काम पुन्हा हाती घेतले. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात तिचा 'पिक्चरफोन' लोकांनी मोठ्या कुतूहलाने पाहिला. त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि शिकागो येथे पिक्चरफोनची केंद्रे उघडली. तीन मिनिटांच्या संभाषणाला १६ ते २७ डॉलर पडत. इतके पैसे मोजायला फारसे कोणी पुढे आले नाही.

कंपनीने तरीही हार मानली नाही. ३० जून १९७० रोजी पिट्सबर्ग शहरात कचेऱ्यांसाठी नवा पिक्चरफोन सुरू झाला. महिन्याचे भाडे १६० डॉलर होते आणि त्यात फक्त अर्ध्या तासाचे संभाषण मिळे. उद्योगपती प्रवासाचा खर्च वाचवण्यासाठी हे यंत्र घेतील असा हिशेब होता. तो साफ चुकला. १९७३ च्या सुमारास ग्राहकांची संख्या सर्वाधिक झाली, तीही पाचशेच्या आतच राहिली, आणि पुढे ती घटत गेली.

या अपयशाचे एक कारण व्यवहारातले होते. ज्याच्याशी बोलायचे त्याच्याकडेही पिक्चरफोन हवा. दुसऱ्याकडे नसेल तर आपल्याकडचे यंत्र कुचकामी. दुसरे कारण तांत्रिक होते. आवाज वाहून नेण्यासाठी टेलिफोनच्या तारेवर सुमारे तीन किलोहर्ट्झ इतकी जागा पुरते. पिक्चरफोनच्या एका चित्राला एक मेगाहर्ट्झ, म्हणजे तिच्या तीनशे पटींहून अधिक जागा लागत होती. तारेतील ही जागा पैसे देऊनच मिळते. जोवर चित्र लहान पुडीत बांधून पाठवण्याची युक्ती सापडत नव्हती, तोवर हे यंत्र श्रीमंत कचेऱ्यांपुरतेच राहणार होते.

बंगळूरचे नासिर अहमद

ही युक्ती ज्यांनी शोधली त्यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळूर येथे झाला. तेथील विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते १९६१ साली पदवीधर झाले आणि पुढील शिक्षणासाठी अमेरिकेत गेले. न्यू मेक्सिको विद्यापीठातून १९६६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १९६८ पासून ते कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले.

१९७२ साली त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे संशोधनासाठी अनुदान मागितले. विषय होता 'कोसाइन ट्रान्सफॉर्म', म्हणजे त्रिकोणमितीतील कोसाइनच्या आधारे चित्राची माहिती नव्या तऱ्हेने मांडण्याची रीत. परीक्षकांना ही कल्पना फारच साधी वाटली आणि प्रस्ताव नामंजूर झाला. अनुदान नसतानाही अहमद यांनी १९७३ च्या उन्हाळ्यात काम चालू ठेवले. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सासमधील स्नेही प्राध्यापक के. आर. राव यांची त्यांना साथ मिळाली. जानेवारी १९७४ मध्ये या तिघा भारतीयांचा अवघ्या चार पानांचा निबंध प्रसिद्ध झाला.

ही रीत दहावीच्या विद्यार्थ्यालाही ढोबळमानाने समजू शकेल. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे लहान लहान चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातील ६४ ठिपक्यांचा उजळपणा जसाच्या तसा पाठवण्याऐवजी त्यात सावकाश होणारा बदल किती आणि झपाट्याने होणारा बदल किती, याचा कोसाइनच्या साहाय्याने हिशेब करायचा. भिंत, कपाळ, गाल अशा भागांत बदल सावकाश होतो, म्हणून मोजकेच आकडे महत्त्वाचे ठरतात. झपाट्याने होणारे बारीक बदल आपल्या डोळ्यांना फारसे जाणवत नाहीत, म्हणून ते आकडे गाळले किंवा ढोबळ केले तरी चालते. शिवाय लागोपाठच्या दोन चित्रांत जेवढा फरक पडला असेल तेवढाच पाठवला की ओझे आणखी हलके होते.

याच तत्त्वावर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचे 'एच.२६१' हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. त्याला १९८८ साली प्रथम मान्यता मिळाली आणि १९९० साली ते पक्के झाले. त्यातील ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ३० वेळा कच्च्या स्वरूपात पाठवायचे तर सेकंदाला सुमारे ३ कोटी ६५ लाख बिट लागतात. हेच चित्र ३ लाख ८४ हजार बिटांत पाठवता येऊ लागले, म्हणजे ओझे जवळजवळ ९५ पटींनी कमी झाले. परीक्षकांना जी कल्पना साधी वाटली, तिच्यावर आणि तिच्या सुधारलेल्या रूपांवर पुढचे बहुतेक व्हिडिओ कॉल उभे राहिले.

व्यापारात आणि न्यायालयात

तरीही यंत्रे लगेच स्वस्त झाली नाहीत. १९८२ साली कॉम्प्रेशन लॅब्ज या अमेरिकन कंपनीने विकलेल्या यंत्रणेची किंमत सुमारे अडीच लाख डॉलर होती. पुढे संगणक घरोघरी आले. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात १९९२ साली तयार झालेल्या 'सीयू-सीमी' या कार्यक्रमामुळे साध्या मॅकिंटॉश संगणकावर समोरच्याचे चित्र दिसू लागले. २००३ साली 'स्काईप' आले आणि २००६ पासून त्यात चित्राचीही सोय झाली. पिट्सबर्गमध्ये महिना १६० डॉलर देऊन जे मिळत होते, ते आता फुकट मिळू लागले. मात्र सर्वत्र नव्हे. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरील अशा फुकट कॉलवर दीर्घकाळ निर्बंध राहिले. तंत्र तयार असले तरी परवाना आणि धंद्याचे हितसंबंध आड येऊ शकतात, हे आखातात राहणाऱ्या आपल्या माणसांनी अनुभवले.

आपल्या देशात या साधनाला कायद्याची मान्यता मिळण्यात महाराष्ट्रातील एका खटल्याचा वाटा आहे. मुंबईतील या फौजदारी प्रकरणात अमेरिकेतील एका डॉक्टरांची साक्ष हवी होती, पण ते भारतात येण्यास तयार नव्हते. साक्ष आरोपीच्या 'उपस्थितीत' व्हावी असे तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २७३ सांगत होते. पडद्यावरील भेटीला उपस्थिती म्हणता येईल काय, असा प्रश्न निर्माण झाला. १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे साक्ष घेता येते असा निकाल दिला. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याने संचालकांनाही या मार्गाने सभेत भाग घेण्याची मुभा दिली.

शिक्षणाचा मार्ग

शिक्षणाच्या क्षेत्रात भारताने फार लवकर पाऊल टाकले. डॉ. विक्रम साराभाई यांच्या प्रयत्नांमुळे १९६९ साली अमेरिकेच्या 'नासा' संस्थेशी करार झाला आणि १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात उपग्रहामार्फत दूरदर्शन शिक्षणाचा 'साइट' हा प्रयोग पार पडला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत जाळीच्या छत्र्या उभारून दूरदर्शन संच बसवले गेले. सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी कार्यक्रम होत. प्राथमिक शाळांतील सुमारे ५०,००० शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षणही या प्रयोगात देण्यात आले.

या थोर प्रयोगात एक उणीव होती. खेड्यातील मूल शिक्षकाला पाहू शकत होते, पण शिक्षक त्या मुलाला पाहू शकत नव्हता. मुलाला शंका आली तर ती मनातच राही. पुढील काळात ही उणीव भरून काढण्याचे यत्न झाले. चित्र एकाच बाजूने, पण प्रश्न टेलिफोनवरून विचारायचे, ही पद्धत १९९० नंतर प्रशिक्षणासाठी रुळली. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी वाहिलेला 'एज्युसॅट' हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला आणि २०१० पर्यंत त्याने काम केले. त्याच्या पूर्वतयारीसाठी 'इन्सॅट-३बी' उपग्रहावर जे प्रयोग झाले, त्यांत नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा समावेश होता.

२०२० चा धडा

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि जे साधन कचेऱ्यांचे होते ते एकाएकी वर्गखोली बनले. 'झूम' या एकाच सेवेवर डिसेंबर २०१९ मध्ये सभांतील सहभागांची रोजची संख्या सुमारे १ कोटी होती. एप्रिल २०२० मध्ये हा आकडा ३० कोटींवर गेला. पण घराघरातील स्थिती काय होती? ग्रामीण भारताच्या 'असर' पाहणीनुसार शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ साली ३६.५ टक्के होते, ते २०२० साली ६१.८ टक्के झाले. वाढ मोठी खरी, तरी दर दहांपैकी जवळजवळ चार मुलांच्या घरी फोन नव्हताच. ज्या घरी होता तेथेही बहुधा तो एकच आणि तो वडिलांबरोबर कामावर जाणारा. दोन-तीन भावंडांच्या घरात तो कोणाच्या हाती पडला आणि कोणाची पाळी आलीच नाही, हे प्रत्येक पालकाने आपल्या मनाशी आठवून पाहावे.

म्हणूनच त्याच वर्षी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पाठांची मालिका दाखवावी लागली. पंचेचाळीस वर्षांनी आपण पुन्हा 'साइट'च्या रीतीकडे, म्हणजे एका बाजूच्या चित्राकडे वळलो. अनेक मुलांपर्यंत तेवढेच पोचू शकत होते.

या इतिहासातून काय घ्यावे?

पिक्चरफोनचा इतिहास असे शिकवतो की यंत्र कितीही अद्‌भुत असले तरी दोन्ही टोकांना ते असल्याशिवाय संवाद घडत नाही. 'साइट'चा इतिहास सांगतो की दिसणे आणि शिकणे यांत अंतर आहे. ते अंतर विद्यार्थ्याच्या प्रश्नाने भरून निघते. तेव्हा पालकांना विनंती आहे की घरातील एकच फोन अभ्यासासाठी वापरायचा असेल तेव्हा मुलीचा तास आणि मुलाचा तास यांची वाटणी सारखी असू द्यावी. आणि पडद्यावर मूल नुसते बसले आहे की काही विचारतेही आहे, याकडे लक्ष द्यावे. शिक्षण संस्थांनी शाळेतील संगणक सुटल्यानंतरही एक-दोन तास खुले ठेवले, तर ज्यांच्या घरी सोय नाही त्यांना तो मोठा आधार होईल.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, हे साधन वापरणारे असंख्य आहेत, घडवणारे थोडे. नासिर अहमद यांच्या हाती कोसाइन होता. तो आपल्याही गणिताच्या पुस्तकात आहे. त्यांचा अर्ज फेटाळला गेला, तरी त्यांनी वही मिटली नाही. पुढच्या वेळी व्हिडिओ कॉलवर आखातातील वडिलांचा चेहरा पाहाल तेव्हा त्या चित्राला बांधणाऱ्या गणिताचीही आठवण असू द्या, आणि उद्याचा गणिताचा तास चुकवू नका.