तागास्तेची विधवा

संत मोनिका म्हटली की पुत्रासाठी अश्रू ढाळणारी माता आपणांपुढे उभी राहते. हे चित्र खरे आहे. परंतु या मातेच्या आयुष्याची अखेरची सुमारे सोळा वर्षे वैधव्यात गेली, हे तिच्या सणाच्या प्रवचनातही क्वचितच ऐकू येते.

तागास्ते हे रोमन आफ्रिकेतील एक लहानसे नगर. आजच्या अल्जीरियातील सूक अहरास. पती पॅट्रिशियस तेथील नगरसभेचा सदस्य, बेताच्या मालमत्तेचा, तापट आणि पत्नीशी एकनिष्ठ नसलेला. त्याचा राग शमेपर्यंत ती गप्प राही व मग समजावून सांगे, असे ऑगस्टीनने लिहिले आहे. (छळ सोसणाऱ्या भगिनीला हा दाखला देऊन कोणी गप्प बसवू नये, शेजारणींच्या चेहऱ्यावरील माराचे वणही त्याने तेथेच नोंदविले आहेत.) पॅट्रिशियसने अखेरीस स्नानसंस्कार घेतला आणि इ. स. ३७१ च्या सुमारास तो वारला. त्याच्या कबरीशेजारी मोनिकेने स्वतःसाठी जागा तयार करून ठेवली. ज्याने इतके सोसायला लावले, त्याच्याच शेजारी मातीआड व्हावे, ही तिची मोठी आस होती. कुटुंबाच्या कबरीचा जिव्हाळा आपल्या धर्मग्रामांतही काही कमी नाही.

पुढे पुत्रामागोमाग ती समुद्र ओलांडून मिलानला गेली. आफ्रिकी रिवाजाप्रमाणे लापशी, भाकरी व द्राक्षारस घेऊन ती हुतात्म्यांच्या कबरींवर निघाली, तेव्हा द्वारपालाने अडविले. बिशप अँब्रोज यांनी तशी मनाई केली होती. तिने कुरकुर न करता टोपली दूर ठेवली. पुत्राएवढ्याच मोठ्या पंडिताला जे जड गेले असते, ते या वृद्धेने एका दिवसात केले.

३८७ च्या ईस्टरला ऑगस्टीनचा स्नानसंस्कार झाला आणि सारे घरी परतण्यासाठी ओस्तिया बंदरात आले. तेथे मोनिकेला ताप आला. मध्येच ती बेशुद्ध पडली. शुद्धीवर आल्यावर दुसरा मुलगा नॅव्हिजियस म्हणाला की, परक्या मुलखात नव्हे, मायदेशी मरण यावे. तिने त्याच्याकडे नाराजीने पाहिले आणि देह कोठेही पुरा, त्याची चिंता करू नका, मात्र प्रभूच्या वेदीशी माझे स्मरण ठेवा, एवढेच मागितले. वर्षानुवर्षे जपलेली ती जागा तिने अशी सोडून दिली. आजाराच्या नवव्या दिवशी, वयाच्या छपन्नाव्या वर्षी तिने प्राण सोडला. नातू आदेओदातस मोठ्याने रडू लागला. त्याला गप्प केले गेले. दफनापूर्वी, तेथील प्रथेप्रमाणे, कबरीशेजारीच ख्रिस्तयाग अर्पण झाला. ऑगस्टीनने दिवसभर आसवे आवरली. ती पुढे एकांतात वाहिली.

सुमारे दहा वर्षांनी त्याने ‘कन्फेशन्स’ लिहिले. त्यात मोनिकेविषयी पाने भरून मजकूर आहे, पण तिचे नाव फक्त एकदा येते: नवव्या भागाच्या शेवटी, वाचकांनी वेदीशी आपल्या आईवडिलांचे स्मरण करावे अशी विनंती करताना. तेथे मोनिका आणि पॅट्रिशियस ही नावे शेजारी शेजारी आहेत.

१४३० साली, पोप मार्टिन पाचवे यांच्या काळात, तिचे अवशेष रोमला नेण्यात आले; आज ते संत ऑगस्टीनच्या चर्चमध्ये आहेत. ओस्तियाच्या मूळ कबरीवरील शिलालेखाचा एक तुकडा १९४५ साली, खेळासाठी खांब रोवण्याकरिता खड्डा खणणाऱ्या मुलांना सापडला. तो तेथील संत आउरेयाच्या चर्चमध्ये ठेवला आहे.