गोचीड तापाचा माग रक्तात

गाय तापली, लघवी लाल झाली, की आपण गोचीड ताप म्हणतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत अशाच तापानं गुरं दगावत. दक्षिणेची धडधाकट गुरं उत्तरेला नेली, की तिथली गुरं आजारी पडत. पशुपालक गोचिडांना दोष देत, जाणकार हसत. थिओबाल्ड स्मिथ यांनी मात्र ते मनावर घेतलं. आजारी गुरांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर तांबड्या पेशींतच परजीवी! ताप गोचिडांमुळेच पसरतो, हे त्यांनी किलबोर्न यांच्यासह १८९३ साली मांडलं. बऱ्या झालेल्या जनावरात परजीवी थोडेच उरतात, काचेवर सापडत नाहीत. त्यासाठी पुढं रक्तातली प्रतिद्रव्यं शोधणाऱ्या चाचण्या आल्या. परजीवी कोणता, यावर औषध ठरतं. तेव्हा इंजेक्शनाआधी जनावराच्या कानाच्या शिरेतला रक्ताचा थेंब तपासणीला घ्यायला डॉक्टरांना जरूर सांगा.